गाणे आणायला कोण जाते? : आयर्लंड आणि गोंडवनातील लोकगीत-संकलनाचा एक तौलनिक विचार

लोकसाहित्य घेऊन एम.ए. करणारा असो की संगीताचा विद्यार्थी, दोघांनाही आज एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो : पुस्तकात अडकू नका, गावात जा. उपदेश योग्यच आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागल्यापासून अशा अभ्याससहलींना अधिकृत पाठबळही आले आहे. नागपुरातून निघालेली बस तीन-चार तासांत चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात पोहोचते आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन असतो. साधनांची अडचण उरलेली नाही. गावात जाऊन नेमके काय करायचे, तिथून काय आणायचे आणि तिथे काय ठेवून यायचे, या प्रश्नांची उत्तरे मात्र अजून कोणी नीट दिलेली नाहीत.

हा प्रश्न मला दोन ठिकाणांच्या संकलन-इतिहासावरून तपासायचा आहे. एक ठिकाण आपले, म्हणजे जुन्या मध्य प्रांतातले गोंडवन. दुसरे आयर्लंड. आयर्लंड निवडण्याचे कारण साधे आहे. इंग्रजी राजवटीखाली आपली भाषा मागे हटताना पाहिलेल्या या छोट्या देशाने लोकगीते आणि लोककथा गोळा करण्याचे जवळजवळ सगळे मार्ग वापरून पाहिले. त्यातले काही फसले, काही साधले. आज तिथले पारंपरिक संगीत शिकायला जगभरातून विद्यार्थी जातात. मी कोणत्याही विद्यापीठात संगीत शिकलेलो नाही. गेली अनेक वर्षे परधान गायकांविषयीचे जुने-नवे लेखन वाचतो आहे आणि जमेल तसे ऐकतो आहे. त्या वाचनातच आयर्लंड पुनःपुन्हा समोर येत गेले.

बेलफास्टमधला एकोणीस वर्षांचा मुलगा

जुलै १७९२मध्ये बेलफास्ट शहरात हार्पवादकांचा एक मेळावा भरला. हार्प हे आयर्लंडचे प्राचीन तंतुवाद्य तोवर अस्ताला लागले होते. मेळाव्याला दहा आयरिश वादक आले, त्यांतले बरेच वृद्ध आणि अंध. नव्वदी ओलांडलेला डेनिस हेंपसन जुन्या पद्धतीने, वाढवलेल्या नखांनी धातूच्या तारा छेडत असे. या वादकांचे सूर टिपून घ्यायला एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या ऑर्गनवादकाला नेमले होते. पदरचा एकही सूर घालू नकोस, अशी त्याला ताकीद होती.

बंटिंगने सूर टिपले आणि पुढे स्वतः प्रवास करून आणखीही मिळवले. १७९६मध्ये त्याचा पहिला संग्रह निघाला. तो पियानोसाठी होता. मेळाव्यातल्या वादकांचे स्वर पियानोच्या चौकटीत बसवताना त्यांची जुनी घडण बदलली. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या संग्रहात गाण्यांचे शब्द नव्हते. ते मिळवण्यासाठी १८०२मध्ये पॅट्रिक लिंच या आयरिश भाषेच्या शिक्षकाला पश्चिमेकडच्या कॉनाक्ट प्रांतात पाठवले गेले. तो पायपीट करून शब्द घेऊन आला. पण १८०९च्या दुसऱ्या संग्रहात त्याने आणलेले आयरिश शब्द छापले गेले नाहीत. त्यांच्या जागी इंग्रज वाचकाला रुचतील अशी इंग्रजी पद्ये बसवली गेली. सूर एका माणसाने आणले, शब्द दुसऱ्याने आणले, आणि पुस्तकात त्या दोघांची भेटच झाली नाही.

नागपुरातले लिंगोचे गीत

नेमके याच्या उलट आपल्याकडे घडले. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आला. नागपूरकरांना त्याचे नाव हिस्लॉप कॉलेजमुळे परिचित आहे, भूशास्त्राच्या अभ्यासकांना त्याच्या जीवाश्मांच्या शोधामुळे. त्याने मध्य प्रांतातल्या आदिवासी जमातींविषयी टिपणे केली होती. त्यांत एका परधानाच्या तोंडून लिहून घेतलेले लिंगोचे दीर्घ गोंडी गीत होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातली शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात हिस्लॉप बुडून मरण पावला. त्याची कागदपत्रे रिचर्ड टेंपल या मुख्य आयुक्ताने संपादित करून १८६६मध्ये प्रसिद्ध केली. लिंगोचे गीत त्यात रोमन लिपीत, इंग्रजी अर्थासह आहे.

गोंडांच्या उत्पत्तीची आणि कोंडलेल्या गोंड देवांच्या सुटकेची ही कथा इतक्या विस्ताराने छापली गेल्याने पुढच्या अभ्यासाची दिशा ठरली. हिस्लॉपचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या छापील गीतात सूर नाही. ते गाताना परधान वाजवतो त्या किंगरीचा आवाज नाही. कुठे थांबायचे, कुठली ओळ दुहेरी घ्यायची, साथीदार कुठे ओढून धरतो, हेही नाही. ही उणीव अधिक बोचते, कारण कथेतच एक वाद्य आहे. लिंगो तंतुवाद्य तयार करतो, झाडावर चढून वाजवतो आणि त्या सुरांनी म्हातारा रिकाड गवाडी आणि त्याची बायको नाचायला लागतात. ज्या कथेचे वळणच वाद्याच्या आवाजावर घडते, ती कथा आपल्या हाती मूक होऊन आली.

पुढे काय झाले तेही बंटिंगच्या संग्रहाशी ताडून पाहावे. जेम्स फॉर्साइथ याने १८७१च्या आपल्या पुस्तकात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात घातली. त्यासाठी त्याने लाँगफेलोच्या 'हायावाथा'चा छंद घेतला. लाँगफेलोने तो फिनलंडच्या 'कालेवाला'वरून उचललेला होता. म्हणजे आयरिश सुरांवर इंग्रजी शब्द चढले आणि गोंडी शब्दांवर अमेरिकेमार्गे आलेली फिनिश लय चढली. दोन्हीकडे गोळा करणारे प्रामाणिक होते, कष्टाळू होते. दोष त्यांच्या नियतीत नव्हता. गाण्यातले आपल्याला कळते तेवढे घ्यायचे आणि उरलेले दुय्यम मानायचे, या सवयीत तो होता. बंटिंगला स्वरलेखन येत होते, म्हणून त्याने सूर घेतले. हिस्लॉपला भाषा आणि धर्म यांत रस होता, म्हणून त्याने शब्द घेतले.

आणखी एक गोष्ट. बेलफास्टला आलेल्या हार्पवादकांची नावे आज आपल्याला माहीत आहेत. लिंगोचे गीत सांगणारा मात्र अभ्यासाच्या इतिहासात केवळ 'एक परधान' म्हणून राहिला. हिस्लॉप, टेंपल, फॉर्साइथ ही नावे टिकली.

प्रवास आधी गायकाचा होता

आपण विद्यार्थ्यांना 'प्रवास करा' असे सांगतो, तेव्हा एक मोठी गोष्ट विसरतो. या दोन्ही परंपरांत मुळात गायकच प्रवास करत होता.

टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) हा आयरिश हार्पवादक देवीच्या आजाराने तरुणपणी अंध झाला. आश्रयदात्या घराण्याने त्याला घोडा आणि वाटाड्या दिला. तो आयुष्यभर घराघरांतून फिरत राहिला आणि ज्या घरी उतरेल त्या यजमानाच्या नावे रचना करत राहिला. परधानाचा प्रवासही असाच आहे. प्रत्येक परधान कुटुंब काही ठरावीक गोंड घराण्यांशी बांधलेले असते. यजमानाच्या घरी जायचे, त्याच्या कुळाची कथा किंगरीवर गायची, मृत्यूनंतरच्या विधीत आपली जागा सांभाळायची आणि त्याबदल्यात हक्काचे दान घ्यायचे. शामराव हिवाळे यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर १९४६मध्ये लिहिलेल्या ग्रंथात आणि क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरच्या १९४८च्या ग्रंथात हे नाते तपशिलाने मांडले आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या सीमेला लागून असलेल्या आदिलाबादच्या परधानांची घरची भाषा मराठी, पण कथा गायची ती गोंडीत, हे हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे. मराठी अभ्यासकाने या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे.

या प्रवासात देवघेव होती. गायकाला कुणाकडे, कशासाठी जायचे, काय द्यायचे आणि काय घ्यायचे हे ठाऊक होते. यजमानालाही ठाऊक होते. आजच्या अभ्याससहलीत दिशा उलटली आहे. ऐकणारा जातो, गाणारा आपल्या अंगणात बसून असतो. दिशा उलटली म्हणून देवघेवही संपावी असे नाही. प्रत्यक्षात मात्र ती संपली आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीत मी सोबत होतो. बस अकराला पोहोचली, दोनला पुढच्या गावी जायचे होते. किंगरी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला 'बाबा, छोटंसं काहीतरी, पाच मिनिटांचं' अशी विनंती झाली. त्याने सूर लावण्यातच तीन मिनिटे घेतली. मुले चुळबुळू लागली. गाणे झाले, टाळ्या झाल्या, शाल-नारळ झाले, फोटो झाला. मुली फोन आवरू लागल्या तेव्हा तो म्हणाला, ''पोरी, हे तुह्या फोनात किती दिस राह्यते?'' ती गोंधळली. कुणाकडेच उत्तर नव्हते. फोनमधली जागा भरली की जाते, हे खरे उत्तर होते. ते देण्याचे धाडस आमच्यापैकी कुणाला झाले नाही.

मुलांनी आपल्याच घरून आणलेले

आयर्लंडच्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग १९३७ ते १९३९ या काळातला आहे. आयरिश लोकसाहित्य आयोग १९३५मध्ये स्थापन झाला आणि १९७१पर्यंत चालला. शेमस ओ डिलार्गा हे त्याचे संचालक. आयोगाने शिक्षण खात्याच्या आणि शिक्षकसंघटनेच्या मदतीने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना एक काम दिले. आपल्या घरच्या आणि शेजारच्या वडीलधाऱ्यांकडून कथा, गाणी, म्हणी, औषधे, खेळ, कामाच्या पद्धती, गावातल्या जागांची नावे लिहून आणायची. विषयांची एक मार्गदर्शक पुस्तिका शिक्षकांना दिली होती. या योजनेतून सुमारे ७ लाख ४० हजार पाने जमा झाली. त्यांत मुलांच्या मूळ वह्यांची २ लाख ८८ हजारांच्या आसपास पाने आहेत. आयोगाचा संग्रह २०१७मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत दाखल झाला आणि शाळांचा हा भाग आता संगणकावर कुणालाही वाचता येतो.

आकडा मोठा आहे, पण त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती पद्धत. मूल कुठेही परके नव्हते. आजीला विचारायला बस लागत नव्हती. आजी सांगताना अडली तर मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारू शकत होते. शिवाय सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव अशी नोंद अनेक पानांवर असल्याने आज एखादा नातू आपल्या पणजोबांचे बोल शोधून काढू शकतो.

या योजनेचे दोष लपवण्याचे कारण नाही. विषय वरून आले होते. शिक्षकांनी भाषा 'सुधारली', अनुचित वाटेल ते गाळले. देशाच्या फाळणीमुळे उत्तरेकडचे सहा जिल्हे बाहेर राहिले. आणि संगीताच्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव म्हणजे मुलांनी गाण्यांचे शब्द लिहिले, सूर लिहिणे त्यांना शक्य नव्हते. हिस्लॉपची उणीव इथे पुन्हा दिसते.

ती भरून काढायला वेगळा माणूस लागला. शेमस एनिस हा आयरिश पाईपवादक १९४२ ते १९४७ या काळात आयोगासाठी सायकलवरून पश्चिम किनाऱ्याच्या खेड्यांतून फिरला. त्याच्याजवळ कागद, पेन आणि स्वतःचा कान होता. त्याला स्वरलेखन येत होते आणि आयरिश भाषाही येत होती. म्हणून सूर आणि शब्द एकाच हाताने कागदावर उतरले. कोनमारामधल्या कोल्म ओ कीआन या एकाच गायकाकडून त्याने दोनशेहून अधिक गाणी व इतर बाबी टिपल्या. त्यासाठी तो त्याच्याकडे पुनःपुन्हा गेला. स्वतः वादक असल्याने तो ज्या घरी ऐके, त्या घरी वाजवतही असे. परधान आणि कॅरोलन यांच्या प्रवासातली देवघेव एनिसच्या सायकलप्रवासात पुन्हा सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही.

'केल्टिक' आणि 'आदिवासी' या पाट्या

आज आयर्लंडला जाणाऱ्या विद्यार्थ्याला 'केल्टिक संगीत' हा शब्द विमानतळापासून भेटतो. केल्टिक ही मुळात भाषाकुळाची ओळख. एडवर्ड ल्विड याने १७०७मध्ये वेल्श, ब्रेटन, आयरिश इत्यादी भाषांचे नाते शास्त्रीय पद्धतीने मांडले, त्यातून ही कल्पना रुजली. संगीताला ती पाटी पुढे ध्वनिफितींच्या आणि पर्यटनाच्या बाजाराने लावली. आयर्लंडमधला वादक स्वतःच्या संगीताला सहसा पारंपरिक संगीत म्हणतो. अमुक सूर क्लेअर परगण्याचा की डोनेगलचा, हे तो बारकाईने सांगतो. क्लेअर परगण्यातल्या मिलटाउन मालबे या गावी पाईपवादक विली क्लॅन्सी याच्या नावाने १९७३पासून दर जुलैत उन्हाळी शाळा भरते. सकाळी वाद्यांचे वर्ग, संध्याकाळी मद्यगृहांत आणि घरांत मैफली. नवखा विद्यार्थी वादकांच्या कडेला बसतो, कानाने सूर उचलतो आणि आधी बराच वेळ गप्प राहायला शिकतो. तिथे सूर एकेका जागेच्या आणि माणसाच्या नावाने ओळखला जातो. केल्टिक या शब्दाला फारसे काम उरत नाही.

आपल्याकडे 'आदिवासी गीत' ही पाटी अशीच आहे. तिच्याखाली गोंड, माडिया, कोलाम, कोरकू, परधान सगळे एका रांगेत उभे केले जातात. स्नेहसंमेलनात मोरपिसे लावून नाचणाऱ्या मुलांना हे नृत्य कुणाचे, कोणत्या महिन्यातले, कुणासमोर करायचे, हे सांगितलेले नसते. संकलकाने पहिल्यांदा पाटी काढायला शिकले पाहिजे. गोंडी भाषेतली चार नातेवाचके आणि वाद्याचे स्थानिक नाव शिकून निघालेला विद्यार्थी तिथे निम्मे काम आधीच करून पोहोचतो.

आपल्याकडचे एक चांगले उदाहरण

महाराष्ट्रात असे काम झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा केल्या. दुर्गा भागवतांनी मध्य प्रांतातल्या आदिवासी भागात हिंडून केलेला अभ्यास 'लोकसाहित्याची रूपरेषा' या ग्रंथामागे उभा आहे. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली राज्य लोकसाहित्य समितीने अनेक खंड काढले. पण या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाचे आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गायिका तीन हजारांहून अधिक, गावे एक हजारांहून अधिक. गावातल्या कार्यकर्त्या बायकाच संकलक झाल्या. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणेही झाली. २०१७पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या नावासह, आवाजासह आणि शक्य तिथे छायाचित्रासह ऐकायला मिळतात. सूर, शब्द आणि नाव या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की संकलन कसे दिसते, याचा हा आपल्याच भाषेतला दाखला आहे. त्याची व्याप्ती प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्राकडे झुकलेली आहे. विदर्भाच्या वाट्याचे काम बाकी आहे.

सहल कशी असावी

एवढ्या विवेचनानंतर काही ठोस सूचना करायला हव्यात.

पहिली सूचना आयरिश शाळांवरून सुचते. नागपूरच्या वसतिगृहांत गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडची शेकडो मुले राहतात. दिवाळीच्या सुटीत ती घरी जातात. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, दंडार आणि खडी गंमत होते, नाटकांचा हंगाम सुरू होतो. त्या मुलांनी आपल्या आजीकडून, मामाकडून, गावच्या दंडारीतल्या गायकाकडून जे आणले ते पहिल्या दर्जाचे क्षेत्रकार्य मानावे. शहरी विद्यार्थ्याची बस त्यानंतर, त्यांच्याच बोलावण्यावरून निघावी. आज उलटे होते. ज्या मुलाच्या घरी गाणे आहे तो वर्गात मागच्या बाकावर बसून ते दुसऱ्याच्या प्रकल्पात ऐकतो.

दुसरी सूचना वेळेची. गाणे ज्या प्रसंगाचे आहे त्या प्रसंगी जावे. डिसेंबरच्या एका दुपारी मागून मिळालेली पाच मिनिटे म्हणजे गाण्याचा नमुना. एका गावी तीन सहली नेण्याऐवजी त्याच गायकाकडे तीन वर्षे जावे.

तिसरी सूचना नोंदीची. गायकाला विचारून त्याचे नाव लिहावे. काही गाणी घराबाहेर जाऊ नयेत असे त्याला वाटले तर तसे मान्य करावे. परधानाचे गीत त्याच्या यजमान घराण्याच्या नात्यात गुंफलेले असल्याने संमतीचा प्रश्न एकट्या गायकाचा नसतो, हेही समजून घ्यावे. सूर आणि शब्द यांची नोंद एकाच संचिकेत असावी. संगीताचा आणि भाषेचा असे दोन विद्यार्थी जोडीने गेले तर बंटिंग-लिंच यांच्यासारखी ताटातूट टळेल.

चौथी सूचना परतफेडीची. मुद्रणाची एक प्रत गायकाच्या घरी, एक गावच्या शाळेत आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, अनुक्रमांक लावून ठेवावी. श्रेयांक देताना या तीन पावत्या तपासाव्यात. याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती शिस्त.

या सूचनांवर एक आक्षेप येईल की तीन महिन्यांच्या सत्रात एवढे शक्य नाही. तो खरा आहे. पण मग त्या कामाला सहल म्हणावे, अभ्यास म्हणू नये. लिंगोचे गीत छापले गेले त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली. त्या काळी सूर टिपून ठेवण्याचे यंत्र नव्हते, हे हिस्लॉपच्या बाजूने म्हणता येते. आपल्या बाजूने ते म्हणता येणार नाही. किंगरी वाजवणारे हात अजून आहेत, त्यांच्यापर्यंत जाणारा रस्ता आहे, मुद्रणाचे साधन आहे. फोनात हे किती दिवस राहील, या त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला लेखी उत्तर देता येईल अशी व्यवस्था एका जरी महाविद्यालयाने येत्या मंडईपर्यंत उभी केली, तरी विदर्भातल्या लोकगीताच्या अभ्यासाची ती खरी सुरुवात ठरेल.